टिळकवाडीतल्या आवारातली फुलझाडं: छाटणीच्या कामाच्या नोंदी

८ जानेवारी

कॉलनीचं आवार बघून आले. बेळगावातली टिळकवाडी, तिसऱ्या रेल्वे गेटजवळ, तांबडी माती, कंपाउंडच्या कडेनं जुनी लागवड. रस्त्याकडच्या भिंतीला लागून तीन गुलमोहर, गेटवर तारांखाली सोनमोहर, मैदानाच्या कोपऱ्यात दोन बहावे आणि एक नीलमोहर, गणपतीच्या देवळापाशी पांढरा चाफा, मागच्या बाजूला दोन ताम्हण आणि एक गुलाबी कांचन. बोगनवेलही आहे, पण तिचा हिशेब वेगळा. ती कुठंही वाढते आणि कशीही कापली तरी परत येते.

सेक्रेटरी काकांची मागणी एका वाक्यात: "सगळी झाडं पंधरा फुटांवर आणा की, एकदाची कटकट मिटू दे."

कटकट कसली, हे विचारत गेले तसतशी निरनिराळी कारणं निघाली. गेल्या वळवाच्या पावसात गुलमोहराची फांदी स्कूटरवर पडली. पाकळ्या आणि बारीक पानं गटारात साचतात. सोनमोहर तारेला लागतो. आणि देवळातल्या काकूंची तक्रार अशी की चाफ्याला फुलंच येत नाहीत. यातलं एकही कारण सगळ्या झाडांना लागू होत नाही. पानगळीवर तर छाटणी हा उपायच नव्हे. वरून छाटलेलं झाड वर्षभरात त्याच जागी आणखी दाट पालवी काढतं, ती गटारातच येते.

वहीत प्रत्येक झाडापुढे एक रकाना केला: 'कशासाठी?' रकाना रिकामा राहिला तर त्या झाडाला करवत लागणार नाही. वाळलेल्या, मोडलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या तेवढ्या वगळून. त्यांना मुहूर्त लागत नाही.

११ जानेवारी

छाटणी कधी करायची हे ठरवायला झाड फूल कुठं धरतं ते आधी बघावं लागतं. अथणीकडच्या द्राक्ष बागायतदाराला हे सांगावं लागत नाही. एप्रिलात खरड छाटणी केली की नवी काडी तयार होते, तिच्या डोळ्यांत घड आतल्या आत धरला जातो आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो बाहेर पडतो. कितव्या डोळ्यावर कापायचं हे चुकलं तर घड गेला. शोभेच्या झाडांचं गणितही असंच आहे. तिथं पैसे बुडत नाहीत म्हणून कुणी बघत नाही, एवढंच.

काही झाडं नव्या फुटीवर फुलतात: जास्वंद, पारिजातक, ताम्हण, आणि नर्सरीत लॅजरस्ट्रोमिया म्हणून मिळणारं ताम्हणाच्याच कुळातलं झुडूप. थंडी सरत असताना यांना हात लावला तर फूट जोरात येते आणि तिच्या टोकाला फुलोरा येतो. बाकीची आधीच्या हंगामात वाढलेल्या काडीवर फुलतात. बहाव्याचे घोस गेल्या वर्षीच्या, पानं झडलेल्या काड्यांच्या पेरांतून लोंबतात. नीलमोहर आणि गुलमोहरही शेंड्याकडच्या काड्यांवरच रंग काढतात. या काड्या जानेवारीत कापल्या तर एप्रिल-मेची फुलं जानेवारीतच कचरागाडीत जातात, आणि मग मेमध्ये लोक विचारतात, यंदा बहावा का फुलला नाही.

थंड देशांतली पुस्तकं यावर सोपं उत्तर देतात: वसंतात फुलणारं झाड फुलं संपल्या संपल्या छाटा. त्यांच्याकडे फुलं संपली की पुढे लांबलचक उन्हाळा असतो. आपल्याकडे गुलमोहर आणि बहावा ओसरायला लागतात ते रोहिणीत, आणि सात-आठ जूनला मृग लागतो. त्यानंतर सप्टेंबरपर्यंत बेळगावात झाडाची साल कोरडी दिसत नाही. अशा हवेत मोठी ताजी जखम म्हणजे बुरशीला आमंत्रण. म्हणजे फुलांच्या हिशेबानं जो मुहूर्त बरोबर, तोच पावसाच्या हिशेबानं वाईट.

माझा तोडगा असा: मुहूर्त झाडावरून नाही, जखमेच्या जाडीवरून ठरवायचा. अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतच्या काड्या मेच्या शेवटच्या आठवड्यात, फुलं ओसरताना, मृगाच्या आत. मनगटाहून जाड फांदी काढायचीच असेल तर डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत. त्या एका फांदीवरची त्या वर्षाची फुलं जातील, जाऊ देत. मधल्या जाडीचं काम जमेल तितकं टाळायचं. जून ते सप्टेंबर करवत कपाटात. आणि कुठल्याही झाडाचा हिरवा पसारा एका वर्षात चौथाईपेक्षा जास्त काढायचा नाही, कारण पानं गेली म्हणजे झाडाचं जेवण गेलं.

१७ जानेवारी

चाफा. पानं झडून नुसत्या बोटाएवढ्या जाड फांद्या उभ्या आहेत, आणि प्रत्येक फांदीचं टोक सपाट कापलेलं. काकूंच्या तक्रारीचं उत्तर तिथंच होतं. दरवर्षी दिवाळीनंतर कुणीतरी आकार देतो म्हणून सगळी टोकं उडवतं. चाफ्याचं फूल टोकालाच येतं. फुलोरा येऊन गेला की त्याच्या खालून दोन-तीन फांद्या फुटतात, मग त्यांच्या टोकांना फुलं. टोकं कापली की ते सबंध वर्ष नवी टोकं तयार करण्यात जातं, आणि ती तयार होतात न होतात तोवर पुन्हा दिवाळी.

"काकू, हे झाड आपोआप गोल होतंय, याला न्हावी नको," म्हटलं. त्या हसल्या, पण माळ्याला दम त्यांनीच भरला.

प्रदक्षिणेच्या वाटेत आडवी येणारी एकच फांदी काढली. चीक धारेनं गळतो, डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. काढलेल्या फांदीचे हातभर लांबीचे तुकडे सावलीत टाकलेत. चीक पूर्ण सुकून कापलेली जागा कोरडी पडली की मगच लावायचे, ओल्या चिकासकट मातीत घातले तर कुजतात. काकूंच्या बहिणीनं खानापूरहून आधीच नंबर लावलाय.

२४ जानेवारी

आज मोठं काम. मधल्या गुलमोहराची वाळलेली फांदी, मांडीएवढी जाड, बरोबर गाड्या लावायच्या जागेवर. खानापूरकडचे मामा चढले, कमरेला दोर, फांदीला वेगळा दोर. खाली दोर धरायला बैलहोंगलचे अण्णा.

वजनदार फांदी एका दमात वरून कापली तर अर्ध्यात आल्यावर ती स्वतःच्या भारानं मोडते आणि खालची साल खोडापर्यंत सोलत नेते. म्हणून बुडापासून हातभर लांब आधी खालून चीर द्यायची, तिसरा हिस्सा आत जाईपर्यंत. मग त्याच्या थोडं पुढे वरून कापायचं. फांदी तिथं स्वच्छ तुटते, दोरावर लोंबते, अण्णा सावकाश सोडतात. उरलेल्या बिनवजनाच्या खुंटाला तिसरा, शेवटचा काप.

हा तिसरा काप कुठं द्यायचा यावर सगळं अवलंबून. फांदी खोडाला मिळते तिथं वरच्या बेचक्यात सालीची एक काळसर, सुरकुतलेली वळी असते आणि खालच्या अंगाला किंचित फुगवटा. त्या फुगवट्याला कॉलर म्हणतात, आणि ती खोडाची असते, फांदीची नाही. आजच्या फांदीत ती फारच स्पष्ट दिसत होती. फांदी मेल्यावरही खोडानं जिवंत सालीचा कडा तिच्यावर चार बोटं पुढे आणला होता. आतलं लाकूड राखाडी, ठिसूळ, आणि त्याभोवती हा ताजा, तांबूस, ओलसर कडा. मामांचा हात सवयीनं खोडाला लावून सफाचट कापायला निघाला. "मामा, तो कडा राहू दे, त्याच्या बाहेरून कापा."

"मग खुंट दिसतोय की तो."

"दिसू दे."

खुंट आणि कडा यांत फरक आहे. वीतभर मेलेलं लाकूड सोडलं तर तो खुंट, तो सडत आत जातो. कडा जिवंत असतो, जखम तोच झाकणार. हे नीट मांडलं ते अमेरिकेच्या वनसेवेतल्या अ‍ॅलेक्स शिगो (१९३०–२००६) यांनी. हजारो झाडं उभी चिरून त्यांनी दाखवलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड कुजलेला भाग आत कोंडून टाकतं, त्याभोवती भिंती घालतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. जुना डाग आत तसाच राहतो, आयुष्यभर. कॉलर कापली की भिंत घालणाराच गेला.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला अख्खी कॉलनी जमली, आणि अर्ध्या लोकांनी एकच प्रश्न विचारला: कापलेल्या जागेला डांबर का नाही लावलं?

कारण त्यानं कुजणं थांबत नाही. डांबराखाली ओल अडकते आणि काठाची कोवळी साल भाजते. डाळिंब-द्राक्षात बोर्डो पेस्ट लावतात (मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर), तिथं पिकावर रोगाचा भार असतो आणि जखमा शेकड्यानं. इथं जानेवारीची कोरडी हवा आहे, जागा उघडीच बरी. एका आजोबांचं समाधान होईना. त्यांना गेरू चालेल म्हणून सांगितलं. गेरूनं फायदाही नाही, तोटाही नाही, पण भिंतीच्या रंगाला तो मॅचिंग होतो आणि आजोबांना झाडासाठी काहीतरी केल्यासारखं वाटतं.

९ फेब्रुवारी

नीलमोहर. आवारातलं सगळ्यात बिघडवलेलं झाड हेच.

कैक वर्षांपूर्वी कुणीतरी याचे तिन्ही मुख्य सोट बारा फुटांवर आडवे कापले. झाडाच्या शेंड्यातून एक संप्रेरक खाली उतरत असतं, ते बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की दाब गेला, आणि कापाच्या खालचे सालीआड झोपलेले सगळे डोळे एकदम उठतात. प्रत्येक खुंटावर झाडूसारखे सरळसोट पानसोट. नीलमोहर मुळात पसरट, मोकळ्या बांध्याचा. त्या पानसोटांतून तो बांधा पुन्हा कधीच येत नाही. म्हणून हे झाड वरून छाटू नये असं जाणकार जगभर सांगतात. शिवाय पानसोट जुन्या लाकडाच्या आतून निघालेले नसतात, वरच्या थरालाच चिकटलेले असतात. जाड झाले की स्वतःच्या वजनानं निसटतात.

काका म्हणाले, "मग परत खालून कापूया की, नव्यानं येईल." नव्यानं हेच येईल, दुप्पट.

दुरुस्तीचा रस्ता लांबचा आहे. प्रत्येक खुंटावरचे दोन पानसोट निवडायचे: बाहेरच्या बाजूला झुकलेले, बुडाशी रुंद बसलेले, एकमेकांपासून लांब. ते राखायचे. बाकीच्यांतले तिसरा हिस्सा यंदा बुडापासून काढायचे, तिसरा पुढच्या वर्षी, उरलेले त्याच्या पुढच्या वर्षी. सगळे एकदम काढले तर झाड पुन्हा घाबरून फुटवे काढतं. राखलेल्यांचा शेंडा अजिबात खुडायचा नाही. आज पहिला हप्ता झाला. मार्चमध्ये बाहेरच्या जुन्या काड्यांवर थोडा जांभळा रंग दिसेल. पानसोटांवर तसंही काही नसतं, म्हणून आत्ता काढण्यात फुलांचं नुकसान नाही.

एका खुंटाखाली खोडालगत सफाचट कापलेली जुनी जागा आहे. फोटो काढून ठेवला, गुलमोहराच्या कापाशी ताडून बघायला.

१६ फेब्रुवारी

कांचनावर बांडगूळ, तीन जागी. नारिंगी-लाल नळीसारखी फुलं यायला लागलीत, फळं धरायच्या आत काढायलाच हवं. याची चिकट फळं फुलटोचा खातो आणि चिकट बी फांदीवर पुसून टाकतो, म्हणून एका झाडावर आलं की शेजारी पोचायला वेळ लागत नाही. नुसतं ओरबाडून उपयोग नसतो, त्याची मुळं यजमान फांदीच्या लाकडात घुसलेली असतात. फुगलेल्या गाठीच्या फूटभर खाली फांदीच कापली. दोन जागी जमलं. तिसरी गाठ मुख्य खोडावर आहे, तिथं खोड कापणं परवडणारं नाही, तेव्हा दरवर्षी बांडगूळ वरचेवर खुडत राहायचं, त्याला फुलू द्यायचं नाही. याहून बरा उपाय या झाडावर नाही.

ताम्हणांची पानं तांबडी होऊन झडतायत. आतून घासणाऱ्या दोन काड्या काढल्या, बाकी रकाना रिकामा. वाळलेली बोंडं तशीच राहू दिली, ती काढली तरी फुलं वाढत नाहीत.

४ मे

शिवजयंतीच्या मंडळाची पोरं आली. बेळगावात चित्ररथांची मिरवणूक तिथीच्या, वैशाखातल्या शिवजयंतीला धरून, म्हणजे नेमकी गुलमोहर भरात असताना. चित्ररथ यांच्या गल्लीतून मुख्य रस्त्याकडे याच भिंतीलगत जातो आणि यंदा देखावा उंच आहे. "ताई, रस्त्याकडच्या चार फांद्या मारूया, आम्हीच मारतो, कोयता आहे."

खाली उभं राहून बांबूनं उंची मोजली. चारपैकी दोन फांद्या देखाव्याच्या कळसाच्या वरूनच जातात. तिसरीची नुसती टोकं लोंबतात, ती बोटाएवढी जाड, सिकेटरनं (छाटणीच्या हातकात्रीनं) काढली, फुलं पोरांनी रथालाच बांधायला नेली. चौथी खरी अडचणीची. मिरवणुकीत विजेच्या तारा बांबूच्या बेचक्यानं उचलतातच की, तसंच फांदीही उचलता येते. वरच्या फांदीला पोत्याचा तुकडा गुंडाळून त्यावरून दोर टाकला, खालची फांदी दीड हात वर ओढून बांधली. मिरवणूक झाली की सोडायची. पोरांना हे इतकं आवडलं की दोर सांभाळायला दोघं रात्रभर थांबणार म्हणतायत.

कोयत्याचा विषय निघालाच आहे म्हणून: कोयत्यानं फांदी कापली जात नाही, ठेचली जाते. बोटापर्यंत सिकेटर, पुढे वाकडी करवत. कोयता नारळासाठी.

१८ मे

काल संध्याकाळी वळीव. गारा नव्हत्या, पण वारा असा की देवळाचे पत्रे वाजत होते. सकाळी सगळं फिरून बघितलं.

गुलमोहरांच्या खाली काड्या आणि लाल सडा, मोठं काही नाही. जानेवारीत काढली ती वाळलेली फांदी असती तर कालच्या वाऱ्यात ती गाड्यांवर असती. सगळ्यात जास्त मोडतोड गेटवरच्या सोनमोहराची. हे झाड तारांखाली म्हणून ठेकेदाराची माणसं दरवर्षी वरून सपाट करून जातात. त्या खुंटांवरचे पायाएवढे जाड झालेले पानसोट काल एकापाठोपाठ एक निसटलेत, आणि निसटताना खुंटाच्या सालीची लांब पट्टी घेऊन आलेत. जागा बघितली तर आतलं लाकूड काळं, मऊ, बोटानं उकरता येतं. 'झाड मोठं झालं म्हणून पडतं' म्हणणाऱ्या सगळ्यांना आज गेटवर बोलावून हा खुंट दाखवला. जे झाड कधी वरून छाटलं नाही ते उभं आहे, दरवर्षी छाटलेलं मोडलंय.

तारांखालच्या झाडाला चांगला उपाय एकच, तो म्हणजे तारेच्या बाजूला वाढणारी फांदी आतल्या बेचक्यापर्यंत मागे नेऊन काढणं, म्हणजे वाढ तारेपासून दूर वळते. सोनमोहराच्या बाबतीत त्याची वेळ टळून गेलीय. फाटलेली साल धारदार चाकूनं कडेनं साफ केली, एवढंच.

२८ मे

मृगाच्या आतलं बारीक काम. माणसं मिळेनात. येळ्ळूर-अनगोळकडे धूळवाफ पेरण्या चालू आहेत, मामा स्वतःच्या शेतात. अण्णा आणि मी दोघांनीच केलं. सिकेटर आणि लांब दांड्याची कात्री, शिडीच्या वर काही नाही.

पहिल्या बहाव्याच्या डोक्याला लागणाऱ्या काड्या काढल्या, प्रत्येक काप बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या किंचित वर. हिरव्या कोवळ्या शेंगा धरायला लागल्यात. काकांना त्या नको आहेत, "काळ्या होऊन वर्षभर लोंबतात". लोंबू देत.

दुसऱ्या बहाव्याच्या सगळ्यात खालच्या फांदीला हात घालणार, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "साकु री अक्का, बघा." (साकु री म्हणजे पुरे हो.) फांदीच्या टोकाला कोळ्याच्या जाळ्यानं विणलेलं, सालीचे कपटे आणि अळीची विष्ठा चिकटवलेलं लांबोडकं घरटं. बाजूला दार, दारावर वळचणीसारखं छोटं छप्पर. शिंजिराची मादी दारातून चोच बाहेर काढून बसलेली. कचरा अडकलाय असंच वाटतं लांबून. ती फांदी यंदा राहिली. वहीत खूण केली आहे, आणि फिरायला येणाऱ्यांनी तिथं वाकून जावं.

१० जून

पाऊस लागला. करवतींना तेल लावून ठेवल्या.

२२ जुलै

सेक्रेटरी काकांनी फोटो पाठवला, "हे काय उगवलंय?" तिसऱ्या गुलमोहराच्या बुडाशी, मातीला टेकून, तळहाताएवढी अळंबी. वरून तांबडी-तपकिरी, लाखेचं पॉलिश केल्यासारखी चकाकती, काठ पांढरा. गॅनोडर्मा. जाऊन लाकडी हातोडीनं बुंधा ठोकून बघितला. रस्त्याकडच्या अंगाला आवाज टणक, आवारातल्या अंगाला भद्द. वर बघितलं तर त्याच बाजूचा शेंडा विरळ.

ही बुरशी मुळं आणि बुंध्याचं लाकूड आतून खाते. अळंबी बाहेर दिसते तोवर आत बरंच झालेलं असतं, ती खुडून टाकल्यानं काही थांबत नाही. काकांनी विचारलं, "वजन कमी केलं तर?" रोग फांद्यांत असता तर छाटलं असतं. मुळंच धरत नाहीत तिथं वरून छाटून झाडाचं अन्न तेवढं तुटतं, आणि उरलेलं झाड पडायचं तेव्हा पडतंच. गुलमोहराची मुळं तशीही उथळ. या झाडापुढच्या रकान्यात मी पहिल्यांदाच 'काढावं' लिहिलं.

शहरात झाड काढायचं तर १९७६ च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आवार आपलं असलं तरी. अर्ज कन्नडमध्ये अण्णांच्या मुलीनं सुरेख लिहून दिला. सोबत अळंबीचे, बुंध्याचे आणि शेंड्याचे फोटो, झाडाची रस्त्यापासूनची आणि तारेपासूनची अंतरं. तोपर्यंत त्या पट्ट्यात गाडी लावायची नाही, पोरांचा झोपाळा हलवला, दोरी बांधून पाटी लावली. पाटी मराठी-कन्नड दोन्हीत, नाहीतर अर्धी कॉलनी वाचणार नाही.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. कांचनाची आपट्याच्या नावानं लूट झाली. दोघांची पानं दोन दळांची, पण कांचनाचं पान आपट्याच्या दुप्पट मोठं. यंदा अख्ख्या फांद्या पिरगाळून नेल्यात, सालीसकट, तेही कांचन फुलायला लागलेला असताना. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहून टाकलं: पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी स्वतः सिकेटरनं आपट्याच्या काड्या आणून देईन, कांचनाला हात लावू नये. पिरगाळलेल्या जागा आज उघाड बघून साफ केल्या.

२ डिसेंबर

पाहणी. गुलमोहराच्या जानेवारीतल्या कापाभोवती नव्या सालीचं बोटाएवढं जाड कडं आलंय, वर, खाली, दोन्ही बाजूंना सारखं. मधलं लाकूड कोरडं, टणक, डाग नाही. मामांना शिडीवर चढवून हात लावून बघायला लावलं. "बरं झालं की, खुंट राहिला ते," म्हणाले.

मग नीलमोहराची ती सफाचट कापलेली जुनी जागा. तिथं नवी साल फक्त डावी-उजवीकडून दोन ओठांसारखी आलीय. वर आणि खाली काहीच नाही, खालच्या टोकातून पावसाळ्यात काळं पाणी झिरपलेलं दिसतं. फोटो शेजारी शेजारी लावून फलकावर चिकटवले.

नीलमोहराचे राखलेले पानसोट ठीक आहेत. दुसरा हप्ता येत्या फेब्रुवारीत. चाफ्याला या पावसाळ्यात फुलं होती, काकू म्हणतात देवाला पुरून उरली. सोनमोहराबद्दल कमिटीत अजून वाद आहे. माझं मत, त्याच्या जागी तारेखाली चाफा किंवा लॅजरस्ट्रोमिया लावावा आणि दरवर्षीचा हा तमाशा बंद करावा.

तिसऱ्या गुलमोहराची परवानगी आली, अधिकारी येऊन बुंधा बघून गेले. काम गेल्या आठवड्यात झालं. बुंधा कापल्यावर आवारातल्या बाजूला लाकूड पांढरं, स्पंजासारखं. मुळं जमतील तितकी खणून काढली. त्याच जागी पुन्हा गुलमोहर लावायचा नाही, माती रोगट आहे. भिंतीपासून आत, मैदानाकडे बहावा लावायचं ठरलं. रोप बाहेरून आणायची गरज नाही, आपल्याच झाडाच्या काळ्या शेंगांतलं बी आहे. कवच टणक असतं, पॉलिश पेपरवर घासून रात्रभर पाण्यात ठेवलं की उगवतं. ही जबाबदारी काकांनी स्वतःहून घेतली, शेंगांचा राग बाजूला ठेवून.

त्या रोपासाठी सूचना आत्ताच लिहून ठेवते, कारण छाटणीचं खरं काम पहिल्या चार-पाच वर्षांतच असतं. खोडाला एकच शेंडा ठेवायचा, दुसरा बरोबरीनं वर जायला लागला की तो आखूड करायचा. खालच्या बारीक फांद्या सुरुवातीला काढायच्या नाहीत, त्यांच्या पानांवर खोड जाड होतं. त्या फक्त शेंड्याकडून तोकड्या ठेवायच्या आणि खोड मनगटाएवढं झाल्यावर एकेक करून काढायच्या. बेचकं अरुंद, साल आत दबलेली दिसली तर ती फांदी लहानपणीच काढायची. हे सगळं सिकेटरचं काम आहे, जखम एका हंगामात झाकते.

खड्डा मेमध्ये खणून उन्हात तापू द्यायचा, लावणी जूनच्या पहिल्या पावसावर. जागा तारेपासून वीस फूट सोडून आखली आहे, खुंट्या ठोकल्यात. तिथं गाडी लावू नये.